नातीच्या रेघा मी अवांतरात टाकल्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण क्रिकेटचा स्कोअर मला शिकलेल्यांपेक्षा चांगला लिहिता यायचा. वसईकडच्या आमच्या गावात चर्चमागच्या मैदानावर माझे तिघे भाऊ खेळायचे. लिहायला कोणी बसत नसे, म्हणून मला बसवायचे. एक धाव, दोन धावा, चौकार, बाद. बाद कसा झाला, कोणी केला. वाइडच्या आणि बायच्या धावा खाली वेगळ्या, अवांतरात. त्या खेळणाऱ्याच्या नावावर मांडायच्या नाहीत. थोरल्या भावाने हे मला टपली मारून शिकवलं होतं. "त्याने बॅट लावली का? नाही ना? मग त्याला कशाला देतेस?" ते मी साठ वर्षं विसरले नाही. विसरले असते तर बरं झालं असतं.

नवरा लवकर गेला. मुलगा दहावीत असताना मी बहरीनला आले आणि एका इस्पितळाच्या लाँड्रीत लागले. वीस वर्षं चादरी धुतल्या. नवीन बाई कामाला आली की आमचा सुपरवायझर आठवड्याभरात मला विचारायचा, "ही टिकेल का?" मी हो म्हणायचे नाहीतर नाही. त्यात माझा हात कोणी धरणार नाही असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

आता मी मुलाकडे राहते. उम्म अल हस्समला दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मुलगा एका हॉटेलच्या ऑफिसात आहे, सून नर्स आहे. त्यांना एकच मुलगी. तिची आणि माझी खोली एक. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. मला तिचं निम्मं इंग्रजी कळतं, निम्मं तोंडावरून कळतं.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा तिला बेसबॉलचं वेड लागलं. सुनेच्या इस्पितळात एक्स-रे काढणारा एक फिलिपिनो आहे. तो शनिवारी सकाळी पोरं गोळा करून हा खेळ शिकवतो. मुलगे, मुली, सगळ्या देशांची. मुलाला ते आवडलं नव्हतं. "आपल्या घरात कुठली पोरगी दांडकं घेऊन उभी राहिली नव्हती," म्हणाला. पण बायकोसमोर त्याचं फार चालत नाही. शनिवारी सुनेची शिफ्ट असायची, मुलाला उशिरापर्यंत झोपायचं असायचं. तो आम्हा दोघींना मैदानावर सोडून घरी जायचा आणि दुपारी न्यायला यायचा.

मैदान म्हणजे सित्रा बेटाच्या अंगाला एक मोकळी जागा. जमीन सगळी खडी आणि वाळू. वारा मआमीरच्या तेलकारखान्यांकडून आला की तेलाचा वास यायचा. बाजूच्या रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जात, त्यातली माणसं खिडकीतून बघत. मी जाळीपाशी घडीची खुर्ची मांडून बसायचे. टपरीवरचा करक, म्हणजे कडक दुधाचा चहा कागदी पेल्यात मिळायचा. तीन तास नुसतं काय बसायचं, म्हणून मी वही नेऊ लागले. प्रत्येक पोराला एक पान. नावं मला येत नव्हती, म्हणून चित्रं काढली. जाड्याला भोपळा, चष्मेवाल्याला दोन गोळे. नातीच्या पानावर काही काढलं नाही, ती मला ओळखू यायची.

कोचला ते फार आवडलं. त्यांच्यात आईला नानाय म्हणतात. तो मला लांबूनच हाक मारायचा, "नानाय! आज कोणाला नापास केलं?"

तो इंग्रजीत बोलायचा, मी हिंदीत. लाँड्रीत वीस वर्षं तसंच चाललं होतं, काही अडत नसे.

खेळ मला दोन शनिवारांत कळला, निदान मला तसं वाटलं. एक पोर चेंडू फेकतं, दुसरं बॅट घेऊन उभं राहतं. चेंडू मारला आणि धावत पहिल्या बेसवर, म्हणजे पहिल्या कोपऱ्यातल्या ठाण्यावर, पोचलं तर चांगलं. दुसऱ्या, तिसऱ्यावर पोचलं तर आणखी चांगलं. झेल गेला तर बाद. तीन चांगले चेंडू चुकवले तरी बाद. आणि फेकणाऱ्याने चार वाईट चेंडू टाकले तर बॅटवाल्याला मारावंच लागत नाही, तो फुकट पहिल्या बेसवर चालत जातो, त्याला ते वॉक म्हणतात. हे फुकटचं जाणं मी वहीत आडव्या रेघेने दाखवलं. खाली, वेगळं. त्याने बॅट लावली का? नाही ना?

नातीचं पान बघून मला लाज वाटायची. एका शनिवारी तिने दोन चेंडू असे मारले की बाहेर उभ्या पिकअप गाड्यांपर्यंत गेले, आणि एका ड्रायव्हरने उतरून काच तपासली. पुढचे तीन शनिवार शून्य. मग पुन्हा एक मोठा फटका. मग पुन्हा शून्य, शून्य. मध्ये मध्ये आडव्या रेघा. आमच्याकडे सांदणं सणालाच करतात, एरवी चपाती-भाकरीच. तशी ही पोर, सणालाच खेळणारी. भोपळ्याचं पान बघावं तर दर शनिवारी एक फटका. मोठा नाही, पण एक. भरवशाचा माणूस. मी त्याच्या पानाकडे समाधानाने बघायचे.

घरी जाताना मी नातीला सांगायचे, "उभी काय राहतेस नुसती? मार की."

"वाईट चेंडू होता, आजी," ती इंग्रजीत म्हणायची.

"वाईट चेंडू मारता येत नाही तर बॅट कशाला धरलीस?"

ती खिडकीबाहेर बघायची.

जानेवारीत कोचने सांगितलं की सुट्टीत तो बारा पोरांना दुबईला खेळायला नेणार. नातीचं नाव त्याच्या यादीत होतं. पण त्यासाठी आठवड्यात दोन संध्याकाळी सराव होता, आणि त्याच दोन संध्याकाळी तिची गणिताची शिकवणी. ती गणितात कच्ची होती. मुलाने दोन दिवस विचार केला आणि मग जेवताना मला विचारलं.

"आई, आम्ही दोघं कधी जात नाही. तू दर शनिवारी बघतेस. खरं सांग, हिच्यात काही आहे का? असेल तर शिकवणी हलवतो. उगाच आपली पोरगी म्हणून बोलू नकोस."

आपली पोरगी म्हणून मी आजवर कोणाबद्दल बोललेली नाही. मला त्याचा अभिमान होता. मी वही आणली, नातीचं पान आणि भोपळ्याचं पान शेजारी शेजारी उघडून दाखवलं.

"ह्याला खेळाडू म्हणतात," मी म्हटलं. "हिचं म्हणजे लागला तर लागला. चार महिने बघतेय. हिच्यात काही नाही. शिकवणीला पाठव."

"काहीच नाही?" सुनेने विचारलं.

"डोळे मिटून फिरवते. कधीतरी बसतो."

नात माझ्या समोरच बसली होती. मासा काट्यातून सोडवत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "आजी, मला मराठी कळतं." हे तिने मराठीत म्हटलं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"कळावं म्हणूनच सांगतेय," मी म्हटलं.

तिने वाद घातला नाही. मला वाटलं, तिलाही पटलं. मुलाने कोचला फोन करून नाही सांगितलं. शनिवारीही ती जाईना झाली. बॅट आणि हातमोजा बाल्कनीत वॉशिंग मशीनमागे जाऊन पडला.

फेब्रुवारीत संघाचा शर्ट आणि हेल्मेट परत द्यायचं होतं. मुलाने मला मैदानावर सोडलं आणि तो पेट्रोल भरायला गेला. कोचने सामान घेतलं. त्याचा चेहरा नेहमीसारखा नव्हता.

"नानाय, का?" त्याने विचारलं. "माझी सगळ्यात चांगली पोरगी तुम्ही काढून घेतली."

मला वाटलं, बरं वाटावं म्हणून बोलतोय. मी पिशवीतून वही काढली. ती माझ्याकडे असायचीच. म्हटलं, हे बघ, तोंडदेखलं बोलू नकोस. त्याला मराठी आकडे येत नव्हते, मी शून्य आणि एक दाखवले. तो वाचत गेला. मग त्याने रेघांवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"काही नाही. नुसती उभी राहिली."

"आणि मग कुठे गेली?"

"पहिल्या बेसवर. फुकट."

"फुकट?" तो म्हणाला. "चांगला चेंडू कुठला, वाईट कुठला, हे अर्ध्या सेकंदात ओळखून बॅट आवरायची. अकरा वर्षांच्या पोरांत हे कोणाला येतं? सगळी मारत सुटतात. तुमची नात एकटी बघते. बेसवर पोचली ना? मग तिने केलं."

मी म्हटलं, क्रिकेटमध्ये हे खेळणाऱ्याच्या नावावर लिहीत नाहीत.

"हे क्रिकेट नाही, नानाय," तो म्हणाला.

मग त्याने शून्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्यातल्या किती वेळा जोरात मारलेला चेंडू सरळ कोणाच्या तरी हातात गेला? मला आठवत होतं. पुष्कळ वेळा. मी ते झेल म्हणून, शून्य म्हणून लिहिलं होतं. बाद तो बाद. कोच म्हणाला, जोरात मारलेला चेंडू आज हातात जातो, उद्या जाणार नाही. ते पोराच्या हातात नसतं. ह्या खेळात मोठमोठे लोकसुद्धा दहातल्या सात वेळा हात हलवत परत येतात. भोपळ्याचे फटके बघा, सगळे घरंगळत जाणारे. समोरची पोरं अजून लहान आहेत, त्यांना पटकन उचलता येत नाहीत. ती मोठी झाली की ह्याला पहिल्या बेसवर पोचायला मिळणार नाही. फटके येतात आणि जातात, तो म्हणाला, डोळा राहतो. तुमच्या नातीला डोळा आहे.

त्याने तिथेच उभं राहून सगळ्या पानांवर फटके आणि रेघा एकत्र मोजल्या. सगळ्यांत जास्त वेळा बेसवर पोचलेली नातच होती. माझ्याच अक्षरात. मी चार महिने ते लिहीत होते आणि मला दिसलं नव्हतं.

"तिला परत पाठवा," तो म्हणाला. "दुबईची जागा दिली मी दुसऱ्याला. पण शनिवारी येऊ दे."

"इंशाल्ला," मी म्हटलं. इथे नाही म्हणायचं नसलं की हेच म्हणतात.

मुलगा गाडी घेऊन आला. म्हणाला, "काय म्हणाला कोच?"

"काही नाही," मी म्हटलं.

आजवर मी ते कोणाला लिहून सांगितलं नव्हतं. वही चुकली ते एक वेळ समजू शकते. चौथी शिकलेल्या बाईला बेसबॉल कळला नाही, त्यात काय मोठं. पण "काही नाही" हे मी जाणूनबुजून म्हटलं. घरात माझ्या शब्दाला किंमत होती. कुठली मासळी ताजी, कुठली मोलकरीण चोरटी, गावच्या घरात कुठल्या भाडेकरूला खोली द्यायची, मला विचारायचे. ते जाईल असं वाटलं. मी वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवली.

त्या दिवसांत मला लाँड्रीतल्या बायका आठवायच्या. ज्यांना मी हो म्हटलं त्यातल्या बऱ्याच टिकल्या. पण ज्यांना नाही म्हटलं त्यांना सुपरवायझरने आठवड्यात काढलं. त्या टिकल्या असत्या की नाही, हे कोणाला कळणार? मला वीस वर्षं कोणी खोटं पाडलं नाही, कारण खोटं पाडणारी बाई कामावर उरतच नव्हती. एक बारीक चणीची आंध्रातली मुलगी होती. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा इस्त्रीने चादर जाळली. मी म्हटलं, खलास, हिला पाठव. जाताना ती मला नमस्कार करून गेली. का केला असेल कोण जाणे.

मार्चमध्ये पोरं दुबईला जाऊन आली. सुनेच्या फोनवर फोटो आले. नातीने बघितले, "नाइस" म्हणाली आणि फोन परत दिला. रात्री आम्ही एकाच खोलीत झोपायचो. तिच्या आणि माझ्या खाटेत हातभर अंतर. मी बोलले नाही.

मे महिन्यात सून बाल्कनी साफ करत होती. उकाडा सुरू झाला होता. तिने वॉशिंग मशीनमागून बॅट आणि मोजा ओढून काढला, धूळ झटकली आणि आत आणून टेबलावर ठेवला. शुक्रवार होता, इथला सुट्टीचा वार, आम्ही चर्चमधून मिसा ऐकून आलो होतो, सगळे घरात होते.

"हे आता कोणाला तरी देऊन टाकूया," ती म्हणाली. "माझ्याबरोबरच्या एका नर्सचा मुलगा खेळायला लागलाय. देऊ ना गं?"

नात फोनमध्ये होती. "दे," म्हणाली.

"देऊ नका," मी म्हटलं.

"अहो आई, ती खेळत नाही आता."

"माझ्यामुळे खेळत नाही."

"आई, आता परत ते कशाला?" मुलगा म्हणाला. "झालं ते झालं."

मी आत जाऊन साड्यांखालून वही काढली. टेबलावर उघडली आणि कोचने सांगितलेलं सगळं सांगितलं. रेघांचं, शून्यांचं, डोळ्याचं. मला नीट सांगता आलं नाही, पण काही गाळलं नाही.

मुलाने विचारलं, "कोचने हे कधी सांगितलं तुला?"

"फेब्रुवारीत. शर्ट द्यायला गेले तेव्हा."

"फेब्रुवारीत," तो म्हणाला. मग म्हणाला, "आई, जायच्या आठ दिवस आधी एका मुलाला कांजिण्या झाल्या होत्या. जागा रिकामी झाली होती. कोचने मला फोन केला होता. मी नाही म्हटलं. म्हटलं, माझी आई म्हणते हिच्यात काही नाही, आणि माझी आई चुकत नाही."

सुनेने फडकं उचललं आणि बाल्कनीत गेली. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

नातीने वही स्वतःकडे ओढली. स्वतःचं पान तिने लगेच ओळखलं, चित्र नसलेलं एकच होतं. बोट ठेवून ती रेघा मोजू लागली. एक रेघ मी खोडली होती, तीही तिने मोजली.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "मी पण मोजायचे."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुला कळतं." हे ती इंग्रजीत म्हणाली. मला पूर्ण कळलं. "तू म्हणालीस काही नाही, म्हणजे कोच उगाच कौतुक करत असणार, असं मला वाटलं."

मी तिची माफी मागितली. आमच्यात मोठी माणसं लहानांची माफी मागत नाहीत, मी तरी कधी मागितली नव्हती, त्यामुळे ती धड झाली नाही. "चुकलं माझं" एवढंच म्हटलं. तिने "ओके" म्हटलं आणि बॅट उचलून आमच्या खोलीत नेली. त्यावरून मी काहीच धरून चालले नाही. उन्हाळाभर बॅट तिच्या खाटेखाली होती. खोली झाडताना माझ्या झाडूला लागायची.

ऑक्टोबरमध्ये हवा जरा उतरली आणि ती म्हणाली, शनिवारी जायचंय. मुलगा आता उठून तासभर थांबतो, मग बाहेरची कामं उरकायला जातो आणि न्यायला परत येतो. मला न्यायचं की नाही हे कोणी ठरवलं नव्हतं. मी चप्पल घालून दारात उभी राहिले. नात म्हणाली, "यायचं तर ये. वही नको."

मी खुर्ची मांडून बसले. कोचने लांबून हात केला, नापास कोणाला केलं ते विचारलं नाही. हातांचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. चहाचा पेला संपला तरी धरून बसले.

ती तीनदा खेळायला आली. वर्षभरात उंच झाली आहे, बॅट खाली धरते. पहिल्यांदा तीन चेंडू चुकवले आणि बाद. दुसऱ्यांदा जोरात मारला, सरळ झेल. परत येताना तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे. मी दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. तिसऱ्यांदा फेकणाऱ्याने चार वाईट चेंडू टाकले. चारही तिने सोडले, शेवटचा अगदी अंगाजवळून गेला तरी हलली नाही. बॅट खाली टाकली आणि चालत पहिल्या बेसवर गेली.

दुपारी मुलगा न्यायला आला. जुनी सवय, गाडी वळवता वळवता त्याने मलाच विचारलं, "कशी खेळली, आई?"

"मला विचारू नकोस," मी म्हटलं. "ती मागे बसलीय, तिला विचार."

मग तिने त्याला इंग्रजीत सांगितलं, दोनदा बाद, एक वॉक. आणि थोडं थांबून, मराठीत, "एक रेघ, आजी."

तो टोमणा होता की काय होतं, मला कळलं नाही. विचारायला मला तोंड नव्हतं. मी कंपनीच्या बसगाड्या बघत बसले.